शिपाई आपण पुष्कळ दिले, आता अधिकारी द्या

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी लिहून काढताना घातल्या आहेत.)





आम्ही कोणी विद्वान नाही. सूतगिरणीच्या रिंग खात्यात उभे राहून आमचे आयुष्य गेले. शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते या विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर, रात्रपाळीहून आल्यावर. तेव्हा बोलण्यात चूकभूल झाली तर पदरात घ्यावी.

कार्यकारिणीने आम्हाला सांगितले की, दरवर्षी वर्धापनदिनाला धम्मावर व्याख्यान होते, यंदा तरुणांच्या उपयोगाचे काही बोला. आम्ही विषय निवडला तो असा : कॉलेजात शिकत असलेल्या आपल्या मुला-मुलींनी सैन्यात अधिकारी होण्यासाठी अर्ज कसा करावा, आणि तो अर्ज आपल्या घरातून का जात नाही.

आता कोणी म्हणेल, विहाराच्या उत्सवात हा विषय कशाला? त्याला कारण घडले. पंधरा-वीस दिवसांपूर्वी आपल्याच वस्तीतली एक मुलगी आमच्याकडे आली. नाव घेत नाही, ती इथेच बसली आहे. सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या एनसीसीत आहे. वडील मागावर जातात, आई घरी विड्या वळते. म्हणाली, "काका, तिसऱ्या वर्षी 'सी' सर्टिफिकेटची परीक्षा आहे. ते झालं की ऑफिसरच्या भरतीचा फारम भरता येतो, असं सर म्हणाले. पण बाबा म्हणतात, एनसीसी आता बास. परीक्षा झाली की स्थळ बघायचंय. तुम्ही बोला की बाबांशी."

मित्रहो, त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. तिच्या वडिलांशी काय बोलावे याचा विचार नव्हता. आम्हाला आमचा स्वतःचा मुलगा आठवत होता. त्याचे पुढे सांगू.

आधी थोडा इतिहास. तो सांगितल्याशिवाय या मुलीच्या फारमाची किंमत कळायची नाही.

१ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई आपल्या लहान पोरालाही पाठ आहे. कंपनीच्या मुंबई लष्करात आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्पिढ्या नोकरी केली. त्या नोकरीने काय दिले? पगार दिला, पेन्शन दिली, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पलटणीच्या शाळेत अक्षर दिले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत शिक्षक होते. गावच्या शाळेने ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले त्यांना पलटणीच्या शाळेने आत घेतले. त्या एका अक्षरातून पुढे केवढे झाड वाढले ते आपण पाहतो आहोत.

मग १८९० च्या दशकात इंग्रजांनी आपली भरती बंद केली. लढवय्या जाती आणि बिगर लढवय्या जाती अशी वाटणी केली आणि ज्यांनी लढाया मारल्या त्यांनाच बिगर लढवय्ये ठरवले! गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः पेन्शनर सैनिक. त्यांनी त्याविरुद्ध लेखणी उचलली. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केला की आमच्या लोकांना सैन्यात घ्या. पहिले महायुद्ध आले, माणसे कमी पडली, तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपले, गरज सरली, १९२१ मध्ये ती मोडली. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली बाबासाहेब सरकारच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणजे शिपायाचे दार उघडायला अर्धशतक अर्ज करावे लागले.

पण बांधवांनो, शिपायाचे दार आणि अधिकाऱ्याचे दार ही दोन वेगळी दारे आहेत. रामजीबाबांच्या काळी हिंदी माणसाची शिडी सुभेदाराशी, फार तर सुभेदार मेजराशी संपत असे. केस पिकलेल्या सुभेदाराने कालच्या गोऱ्या लेफ्टनंटाला सलाम ठोकायचा. आम्हा गिरणीवाल्यांना हे सांगावे लागत नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला झाडू मिळे, रिंग खाते मिळे, पण कपडा खात्यात, जिथे पगार जास्त, तिथे जाऊ देत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होईल! १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न वेशीवर टांगला. गिरणीत आत घेतले, पण वरच्या खात्याचे दार बंद ठेवले. सैन्यातही तेच.

आणि आता एक गोष्ट ऐका, जी आपण जयंतीच्या भाषणात फारशी सांगत नाही. १९१३ च्या सुरुवातीला बी. ए. झालेले भीमराव बडोदे संस्थानच्या नोकरीत गेले, ते संस्थानच्या सैन्यात लेफ्टनंट म्हणून. सुभेदाराचा मुलगा लेफ्टनंट! थोड्याच दिवसांत, फेब्रुवारीत, रामजीबाबा वारले. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव अमेरिकेला गेले. शिष्यवृत्ती फुकट नव्हती. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. १९१७ मध्ये करार पाळायला ते बडोद्याला गेले, महाराजांचे लष्करी सचिव झाले. शिपायांनी फायली लांबून टाकल्या, राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढले. नेमणूक कागदावर होती, पण समाजाने ती पचू दिली नाही.

तेव्हा आज आपण विचारले पाहिजे की, ते दार आज कोण अडवतो?

कायद्याने ते उघडे आहे. १९४८ साली एनसीसी सुरू झाली. १९९२ पासून मुलींनाही सैन्यात, वैद्यकीय शाखा सोडून इतर शाखांत अधिकारी म्हणून घेऊ लागले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींच्या कायम कमिशनचा निकाल दिला. २०२२ मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी आली आणि मे २०२५ मध्ये ती बाहेरही पडली. दार सताड उघडे आहे. मग आपल्या वस्तीतून आत कोणी का जात नाही? आमच्या अनुभवाने सांगतो : आपण उंबऱ्यापर्यंत पोहोचतो ते उशिरा, आणि काही वेळा आपलाच हात आडवा असतो.

आता आमच्या मुलाचे सांगतो. आमचा थोरला बी. कॉम.ला होता. पहिल्या वर्षी एनसीसीत गेला. रविवारी पहाटे उठून बूट घासायचा, पट्ट्याचे पितळ चमकवायचा. आम्ही रात्रपाळीहून यायचो आणि हा निघालेला. आम्ही काय म्हणालो ठाऊक आहे? म्हणालो, "परेडनं पोट भरतं का? सकाळी दुकानात हिशेबाला जा, चार पैसे येतील." दहा दिवसांचे शिबिर होते, त्याला जाऊ दिले नाही. त्याच्या सरांनी निरोप पाठवला, आम्ही गेलो नाही. दुसऱ्या वर्षी त्याने एनसीसी सोडली. हजेरी तुटली, शिबिर नाही, मग परीक्षेला बसता येत नाही. परीक्षा नाही तर सर्टिफिकेट नाही. तीन वर्षांनी त्याच्या हातात डिग्री होती आणि वर्तमानपत्रात जाहिरात होती : पदवीधर, एनसीसी 'सी' सर्टिफिकेट, वय १९ ते २५, लेखी परीक्षा नाही. त्याने ती जाहिरात आमच्यापुढे ठेवली. बोलला काही नाही.

आज तो एका गोदामाच्या फाटकावर रखवालीचे काम करतो. काम इमानदारीचे आहे, त्याला आम्ही कमी लेखत नाही. पण त्याच्या अंगावर वर्दी चढते तेव्हा आम्ही दुसरीकडे बघतो. दोष त्याचा नाही. पुस्तके वाचणाऱ्या, विहारात भाषणे देणाऱ्या बापाचा आहे. ही गोष्ट आम्ही आजवर कुणाला सांगितली नव्हती. त्या मुलीने "बाबांशी बोला" म्हटले तेव्हा वाटले, नुसते एका बापाशी बोलून भागायचे नाही, साऱ्या वस्तीशी बोलावे.

असो. आता कामाचे सांगतो. मुलांनी वही काढावी.

कॉलेजात नाव घातले की भारत सरकारच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. दाखला, उत्पन्न, बँकेचे पासबुक, सगळे कागद आपल्या अडाणी आयासुद्धा पिशवीत तयार ठेवतात. पण अधिकारी प्रशिक्षणाला कोणी शिष्यवृत्ती म्हणत नाही, म्हणून तो फॉर्म आपल्या नजरेत येत नाही. खरे तर याहून मोठी शिष्यवृत्ती कोणती? निवड झाली की प्रशिक्षणाचा, राहण्याचा, जेवणाचा खर्च सरकारचा, आणि वर प्रशिक्षण चालू असताना दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन. गणवेश अंगावर चढायच्या आधी हे मिळते.

कॉलेजात असलेल्या मुलांना दोन मुख्य वाटा आहेत.

पहिली वाट एनसीसीची. यासाठी पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला की जून-जुलैतच एनसीसीत नाव नोंदवायचे. नंतर जागा राहत नाहीत. दुसऱ्या वर्षी 'बी', तिसऱ्या वर्षी 'सी' सर्टिफिकेटची परीक्षा. हजेरी ७५ टक्के पाहिजे आणि शिबिर चुकवायचे नाही. 'सी'ला किमान 'बी' श्रेणी, आणि पदवीला सरासरी ५० टक्के गुण पाहिजेत. वय १९ ते २५. शेवटच्या वर्षाला शिकत असतानाही अर्ज करता येतो, मात्र तोवरच्या वर्षांची सरासरी ५० टक्के हवी. म्हणून एटीकेटी लागली तरी चालते, असे म्हणणाऱ्या मित्राचे ऐकू नका. वर्षातून दोनदा जाहिरात निघते. या वाटेला लेखी परीक्षा नाही, फी नाही. मुला-मुली दोघांना आहे. अर्जांतून निवडलेल्यांना सरळ मुलाखतीला बोलावतात. जागा थोड्या असतात हेही खरे, म्हणून नुसत्या ५० टक्क्यांवर समाधान मानू नये.

दुसरी वाट सीडीएस परीक्षेची. ही यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा. शेवटच्या वर्षाच्या मुलांना बसता येते, एनसीसी नसली तरी चालते. डेहराडूनच्या प्रबोधिनीसाठी इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि गणित असे तीन पेपर. चेन्नईच्या प्रबोधिनीसाठी इंग्रजी आणि सामान्य ज्ञान दोनच, आणि तिथे मुलीही जातात. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात, म्हणून अंदाजपंचे खुणा करू नयेत. फी २०० रुपये, ती अनुसूचित जातीच्या उमेदवारांना आणि सर्व मुलींना माफ आहे.

इथे एक स्पष्ट सांगतो. अधिकारी भरतीत जातीचे आरक्षण नाही. फी माफ आहे, पण जागा राखीव नाही आणि वयाची सवलतही नाही. हे ऐकून काहींचे तोंड उतरेल. उतरू देऊ नका. ही स्पर्धा मोकळ्या मैदानातली आहे हे आधी कळले म्हणजे तयारी तशी होते. आणि फी माफीसाठी दाखला लागतो तो केंद्राच्या नमुन्यातला. बौद्धांना केंद्राने अनुसूचित जातीत धरले ते १९९० मध्ये, हे आपल्याला ठाऊक आहे. पण घरातल्या एका कागदावर 'महार', दुसऱ्यावर 'बौद्ध', दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनावाचे स्पेलिंग वेगळे, असा घोळ पुष्कळ घरांत आहे. तो आजच निस्तरायला घ्या. जाहिरात निघाल्यावर तहसीलला रांग लावून काही होत नाही.

बारावी सायन्सच्या मुलांसाठीही वाटा आहेत. वय साडेसोळा ते साडेएकोणीस असेल तर एनडीए. मुलींसाठी सैन्याची बी. एस्सी. नर्सिंग, तिचा शिक्षणाचा खर्च सरकार करते आणि मग अधिकारी म्हणून नेमणूक होते. तिला नीटची परीक्षा द्यावी लागते.

आता मुलाखत. तिला एसएसबी म्हणतात. भोपाळ, प्रयागराज, बंगळुरू, जालंधर अशा ठिकाणी असते, पाच दिवस चालते. पहिल्यांदा जाणाऱ्याला रेल्वेचे थ्री-टायर एसीचे भाडे परत मिळते, तिकीट जपून ठेवावे. राहणे-जेवणे तिथेच, फुकट. पहिल्याच दिवशी बुद्धीची चाचणी आणि एक चित्र दाखवून त्यावर गोष्ट आणि गटात चर्चा. त्यात बरेचजण परत पाठवले जातात. उरलेल्यांना मग शब्द दाखवतात, साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात आले ते वाक्य लिहायचे. अर्ध्या तासात साठ प्रसंग सोडवायचे. मग मैदानात फळ्या, दोर, पिंप देऊन सांगतात, ही वस्तू त्या पलीकडे न्या. अहो, चाळीच्या अरुंद जिन्यावरून गोदरेजचे कपाट तिसऱ्या मजल्यावर नेणारी पोरे आहेत आपली! कोणी वरून धरायचे, कोणी खालून, कोणी नुसते 'जरा डावीकडे' म्हणायचे, हे त्यांना शिकवावे लागत नाही. फक्त तिथे गप्प बसू नये. आपली पोरे काम करतात आणि गप्प बसतात, शेजारचा बोलतो आणि निवडला जातो.

तिथली एक गोष्ट आम्हाला फार आवडली. उमेदवाराच्या छातीवर नंबर लावतात आणि त्या नंबराने हाक मारतात. नोकरीला गेल्यावर पहिला प्रश्न 'आडनाव काय' हा ज्यांनी ऐकला आहे त्यांना या नंबराची किंमत कळेल.

पण एक फॉर्म भरून घेतात, त्यात आईवडिलांचे शिक्षण, धंदा, उत्पन्न विचारतात. आपल्या वस्तीतल्या एका मुलाने आम्हाला विचारले होते, "काका, बाबांचा धंदा काय लिहू? बिझनेस लिहू का?" त्याचे वडील नाक्यावर उभे राहून मजुरी करतात. आम्ही म्हणालो, "बाळा, मजुरी लिही. तिथे बसलेला माणूस खोटे ओळखायलाच बसवलेला आहे. आणि खरे सांगताना तुझी मान खाली जात असेल तर हाताखालच्या जवानांपुढे ती वर कशी राहील? त्यातले निम्मे मजुरांचीच पोरे असतील." तो मुलगा पहिल्या खेपेला परत आला. पुन्हा जाणार आहे. परत येण्यात कमीपणा नाही, वय आहे तोवर पुन्हा जाता येते.

या मुलाखतीच्या तयारीसाठी नाशिक रोडला राज्य सरकारचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. महाराष्ट्रातल्या उमेदवाराला प्रशिक्षण, निवास, भोजन सगळे मोफत. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करायची. आपल्या वस्तीतले किती लोक त्या कार्यालयात आजवर गेले? हात वर करा. बघा, दोन हात, दोन्ही पेन्शनर जवानांचे. आणि एक बजावून सांगतो, कोणी एजंट भेटला, 'इतके द्या, पोराला लावतो' म्हणाला, तर त्याला चहासुद्धा पाजू नका. या कामाला पैसा लागत नाही. दात, डोळे, पाय, वजन यांची तपासणी मात्र कडक असते. तेव्हा तरुणांनो, तो मावा आजपासून थुंका!

आता मुलींच्या बाबतीत आईबापांनी नीट ऐकावे. अर्ज करायला मुलगी अविवाहित असावी लागते आणि प्रशिक्षण संपेपर्यंत लग्न करता येत नाही. म्हणजे बी. एस्सी.चा निकाल लागला आणि मांडव घातला, तर दार त्या दिवशी बंद. पुढे कितीही पस्तावलात तरी उघडत नाही. स्थळे काय, दोन वर्षांनीही येतील. चेन्नईचे ४९ आठवड्यांचे प्रशिक्षण करून पोरगी लेफ्टनंट झाली तर स्थळांची रांग कुठवर जाईल हे आम्ही सांगायला नको.

दुसरे, करार. मधेच स्वतःच्या मर्जीने सोडून आले तर प्रशिक्षणाचा खर्च भरून द्यावा लागतो. निदान दहा वर्षांच्या नोकरीची तयारी ठेवून जायचे असते. हे लपवून आम्ही कोणाला पाठवणार नाही. घरी बसून, विचार करून, मग सही करा. आणि जिवाचा धोका आहे, तोही खरा आहे. महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन १९८७ मध्ये श्रीलंकेत लढताना पडले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. पदक मोठे, पण त्या घरी माणूस परत आला नाही. आईच्या पोटात गोळा येणारच. त्या गोळ्याला आम्ही हसणार नाही.

शेवटी एक प्रश्न राहतो, तो आमच्या एका उपासक मित्राने विचारला : "आपण पंचशील घेतो. पहिलेच शील प्राणिमात्राच्या हत्येपासून अलिप्त राहण्याचे. मग पोरांच्या हातात बंदूक देता?" प्रश्न खरा आहे, टाळण्यासारखा नाही. आम्ही आमच्या कुवतीप्रमाणे वाचले. वैशालीचा सिंह सेनापती भगवंतांकडे आला, प्रश्न विचारले, उपासक झाला. भगवंतांनी त्याला सेनापतीपद सोड असे सांगितले नाही. मगधाचे सैनिक लढाई टाळून भिक्षू होऊ लागले तेव्हा बिंबिसार राजाने तक्रार केली आणि राजाच्या चाकरीतल्या माणसाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. आम्हाला यातून एवढे उमजले की, शस्त्र हातात असलेल्याच्या मनात द्वेष नसणे, ही मोठी साधना आहे. ज्याच्या शब्दावर शंभर बंदुका चालतात किंवा थांबतात, त्या अधिकाऱ्याच्या मनात तर मैत्री आणि विवेक असलाच पाहिजे. मग तिथे शील घेतलेला माणूस असावा की नसावा? ज्याला हे पटत नाही त्याने जाऊ नये, त्याचाही आम्ही आदर करतो. पण भीतीला अहिंसेचे नाव देऊन पोरांना अडवू नये.

बांधवहो, या विहाराने आता काय करावे, तेही सांगतो. नुसते भाषण करून आम्ही खाली बसणार नाही. येत्या रविवारपासून सकाळी वंदनेनंतर एक तास वाचनालय खुले राहील. वस्तीतले दोन शिक्षक इंग्रजी बोलण्याचा सराव घेणार आहेत, आम्ही वर्तमानपत्राची कात्रणे काढू. भिंतीवर एक फळा लावू, त्यावर जाहिरातींच्या तारखा असतील. पेन्शनर जवान मैदानावर पोरांना पळवतील. जूनमध्ये जी मुले कॉलेजात जातील त्यांच्याबरोबर, ज्यांच्या आईबापांना जमणार नाही तिथे, एनसीसीच्या खोलीपर्यंत आम्ही स्वतः जाऊ. आमच्या थोरल्याच्या वेळी आम्ही गेलो नाही, ते चालणे आमच्याकडून राहिले आहे. एवढी फेड करू द्या.

आणि त्या मुलीच्या वडिलांना, ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत, आम्ही हात जोडून म्हणतो : दादा, आम्ही परेडनं पोट भरतं का असं विचारलं होतं. तुम्ही ते विचारू नका. यंदाच्या शिबिराच्या कागदावर सही करा. निवड होईल की नाही हे तिच्या हाती आणि परीक्षकांच्या हाती. पण तिला त्या दारापर्यंत जाऊ द्यायचे की नाही, हे एवढे एक तुमच्या हाती आहे.



नमो बुद्धाय! जय भीम!